पेट्रोलची टाकी खोलण्याआधी हे वाच

प्रिय बाळ,

तू पाठवलेला फिल्टरचा फोटो मी चार वेळा मोठा करून बघितला, ती तपकिरी पूड म्हणजे गंजच आहे. गाडी दहा मिनिटं छान पळते मग गचके देत बंद पडते आणि थोडं थांबलं की परत चालू होते असं तू फोनवर म्हणालीस तेव्हाच मला शंका आली होती, कारण पेट्रोल ओढलं जातं तसा गंज येऊन आउटलेटच्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल बाहेर जायच्या तोंडाच्या, जाळीला चिकटतो, इंजिन बंद झालं की ओढ संपते, गंज खाली पडतो आणि वाट मोकळी होते. कार्ब्युरेटर तीनदा खोललास, आता त्याला राहू दे.

गंज धरायला टाकीत पाणी गेलं कसं म्हणून विचारलंस ना? कुणी ओतलेलं नसतं गं. गाडी वर्षानुवर्षं अर्ध्या टाकीवर उभी राहिली की वरच्या रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार होते, पत्र्यावर थेंब जमतात आणि पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतात. त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओलावा ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की पाण्यासकट वेगळं होऊन खाली बसतं.

आता हे नीट वाच. पेट्रोल काढलं म्हणजे धोका गेला असं अजिबात समजू नकोस, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. पेटते ती वाफ, हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत लांबपर्यंत पसरते. म्हणून आधी बॅटरीची वायर काढ, काम उघड्यावर कर, फ्लोटची (पेट्रोलचा काटा चालवणाऱ्या तरंगत्या भागाची) रिंग ठोकून सोडवायची तर पितळी तुकडा घे, लोखंडी छिन्नी नको. आणि वेल्डिंग, ग्राइंडर, ड्रिल टाकीजवळ आणूच नकोस, कितीही धुतलेली असली तरी, कारण पत्र्याच्या शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली पेट्रोल मुरलेलं राहतं. यात मला तुझ्याकडून शब्द हवाय.

टाकी खाली काढलीस की सगळ्यात आधी शिवण बघ, दोन पत्रे जिथे जोडलेत ती कड. तळाला आतून गंज असला तरी पत्रा जाड असेल तर टाकी वाचते. पण बोटाने ठोकल्यावर आवाज बसका येत असेल, टोच्या दाबल्यावर पत्रा आत जात असेल किंवा शिवणच खाल्लेली असेल तर मन घट्ट कर आणि नवीन टाकी शोध. मूळ टाकी ठेवायचा तुझा हट्ट मला कळतो, मलाही तसंच वाटतं, पण चाळण झालेल्या पत्र्यावर तुझ्या मागच्या सीटखाली पेट्रोल ठेवायला मी तयार नाही.

हे मी का सांगतोय, तर मी एकदा घाई केली होती. गंजावरच, आतला तेलकट थर न काढता, सीलर, म्हणजे टाकीला आतून लेप देणारा द्रव, ओतला. वर्ष-दोन वर्षं ठीक गेली मग तो सालीसारखा सुटला, तुकडे आउटलेटमध्ये अडकले आणि भर पावसात रात्री गाडी बंद पडली, तू मागे झोपलेली होतीस, जेमतेम चार वर्षांची. त्या रात्रीची भीती अजून जात नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, टाकी स्वच्छ होऊन पत्रा शाबूत असेल तर सीलर लागतच नाही.

साफ करताना आधी साबणाच्या गरम पाण्याने तेलकटपणा काढ, नाहीतर ॲसिड गंजाला लागतच नाही. मग आत साखळी टाकून टाकी हलव, सुटे नट टाकू नकोस, आतल्या आडव्या पत्र्यांमागे एखादा अडकला की निघता निघत नाही, साखळी टोक धरून ओढता येते. नंतर सायट्रिक ॲसिड, लिटरला 50-100 ग्रॅम, रात्रभर, झाकण घट्ट न लावता कारण आत गॅस तयार होतो. सकाळी बघ, गंज गेला असेल तर लगेच ओत, जास्त ठेवलं तर चांगला पत्राही खातं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू आणि मग मात्र थांबू नकोस, ओला उघडा पत्रा काही मिनिटांत पिवळा पडतो, स्पिरिट घालून हलव, ते पाणी घेऊन बाहेर येतं, हवा मारून वाळव. बऱ्याच जुन्या टाक्यांना शिसं आणि कथलाचा मुलामा असतो म्हणून कोरडं घासून पूड उडवू नकोस, हातमोजे घाल.

रबरी पाइप सगळे नवीन टाक, इथेनॉल चालेल असे. नवा फिल्टर पारदर्शक घे म्हणजे आत काय येतंय ते दिसेल, आणि बसवल्यावर टाकी पूर्ण भरून ठेव.

शिवणीचे फोटो खालच्या बाजूने, उजेडात काढून पाठव आणि टाकी ठोकल्याचा आवाजही रेकॉर्ड कर. ते बघेपर्यंत नवीन टाकी मागवू नकोस.

तुझा,
बाबा