काळा झालेला कागद

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी पाठवलेला फोटो तू भिंग लावून पाहिलास आणि चिडून विचारलंस, "एवढ्या सुंदर अक्षरावर शाई ओतून या माणसानं काय मिळवलं?" शाई ओतलेली नाही रे. गिरवलंय ते.

चिउ झिजिए या चिनी चित्रकारानं १९९० ते १९९५ या काळात एकाच कागदावर 'लानथिंग'ची प्रस्तावना हजार वेळा लिहिली. मूळ लेखन वांग शीझी या सुलेखनकाराचं, इ.स. ३५३ मधलं. वसंतात लानथिंग नावाच्या मंडपाशी, ओढ्याकाठी मित्रमंडळी जमली, मद्याचे पेले पाण्यावर सोडले, कविता केल्या. त्या कवितांची ही प्रस्तावना. अवघी ३२४ अक्षरं. त्यात 'झी' हे एकच अक्षर वीस वेळा येतं आणि दर वेळी वेगळ्या वळणानं. तुझ्यासारख्यानं यासाठी तरी ती पाहायलाच हवी! पिढ्यान्‌पिढ्या लोक ती उतरवून कुंचला धरायला शिकले. मूळ कागद मात्र कुठेच नाही. थांग घराण्याच्या ताइझोंग सम्राटानं तो स्वतःसोबत पुरायला लावला असं सांगतात. आज मान आहे तो नकलांनाच.

चिउनं केलं ते याच परंपरेतलं. आधी अक्षरं वाचता येत होती, मग एकमेकांत गुंतली, मग सगळा कागद काळा. तरी तो लिहीत राहिला. काळ्यावर काळं लिहिताना डोळ्यांना काय दिसणार? कुठे दाबायचं, कुठे उचलायचं, कुठे वळायचं, हे सगळं मनगटानंच सांभाळायचं. मला हे चित्र वाटतं ते त्यामुळेच. चिनी चित्रकलेतल्या 'शियेयी' या शैलीच्या नावातला 'शिये' म्हणजे लिहिणं. आपल्याकडे वारली बायकाही भिंतीवर लग्नाचा चौक काढत नाहीत, 'लिहितात'.

खरं सांगू? हे सगळं तुझ्यासाठी लिहितोय. नजर अधू झाली म्हणून तू बोरू ठेवून दिलास, हे मला सहन होत नाही. तुझ्या आईनं आपल्या दोघांचे हात धरून पाटीवर 'अ' गिरवून घेतला होता, आठवतं? पांढरी रेघ इतकी जाड व्हायची की 'अ' दिसेनासाच व्हायचा. तरी ती म्हणायची, अजून एकदा.

सोबत दोन बोरू पाठवतोय, तिरक्या कापाचे, तुला आवडतात तसे. कागद एकच ठेवलाय.

तुझाच