निशी-कासाईच्या ताई, आईला त्या पाण्यात उतरवलंत त्याबद्दल थँक्यू!

ताई,

नाव टाकत नाही, तुम्ही ओरडाल. पण टोकियोकडच्या बऱ्याच मराठी मंडळींना कळेलच कोण ते, कळू दे. परवा फोनवर आभार मानायला गेले तर "काय गं त्यात एवढं" म्हणून तुम्ही थेट भाजीवर विषय नेलात, म्हणून इथे लिहितेय, आता बदला विषय.

आई-आप्पा आल्यापासून देवळं झाली, बागा झाल्या, फुजी लांबूनच दिसला तेवढा बघून झाला. टीमलॅब प्लॅनेट्सचा, म्हणजे टोकियोतल्या त्या डिजिटल कलेच्या म्युझियमचा, हट्ट खरं तर पोराचा. घरात दोन मतं, नवरा म्हणे तिथे अनवाणी फिरायचं, अंधार, पाण्यातून चालायचं, आईंचे गुडघे आधीच बोलतात. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "अगं त्यांनाच ने, पोरं काय पुन्हा जातील."

आणि मग ते व्हॉइस मेसेज! गोल्डन वीक (इथला मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा आठवडा) उलटून जाऊ दे, सकाळचा पहिला स्लॉट घे, योकोहामाहून येताय तर शिंबाशीला उतरून युरिकामोमे ट्रेन पकड, शिन-तोयोसूपर्यंत बसून या, आप्पांना पुढच्या सीटवर बसव. साडी नको, पाणी गुडघ्यापर्यंत येतं आणि काही खोल्यांत पायाखाली आरसे आहेत. लेगिंग पण नको, गुडघ्याच्या वर सरकत नाही. हे बरंचसं वेबसाइटवर असतं म्हणा, तिथे हाफपँट मिळते हे पण असतं, पण "काकू हाफपँट घालणार नाहीत" हे काही वेबसाइटवर नसतं, आणि तुम्ही तुमची ढगळ सलवार पिशवीत घालून गेटवर उभ्या!

पुढच्या सीटची आयडिया तर कमाल होती. त्या गाडीला ड्रायव्हरच नाही, आणि आमच्या आप्पांनी जन्मभर एसटी चालवलेली. रेनबो ब्रिजवर चढायच्या आधी गाडी गोल वळसा घेते ना, तिथे त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता, मी बघितलं. उतरल्यावर शेरा, "वळण बरं घेतलं."

आत गेल्यावर सुरुवातीलाच तो काळोखातला चढ, वरून पाणी वाहत येतंय, आणि पुढे ती गादीसारखी मऊ जमीन. तिथे आई जी बसली ती उठेचना. पाय रुततायत, हसू आवरत नाहीये, एका हाताला तुम्ही, एका हाताला मी, आणि आम्ही दोघी पण खाली. मागचे लोक शांतपणे थांबलेले, कोणी चकार शब्द नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं, तुम्ही मात्र आईला म्हणालात, "काकू, सावकाश, तिकीट काढलंय आपण."

मग ती पाण्याची खोली. पाणी दुधाळ, त्यावर प्रोजेक्टरने सोडलेले कोई मासे पळतायत, आणि मासा कुणाच्या पायाला धडकला की त्याची फुलं होऊन पसरतात. आईने काठावर पाय ओढून घेतला, मासे चावतील म्हणून नाही हो, फुलांवर पाय कसा द्यायचा म्हणून! मी समजावायला लागले की अगं उजेड आहे तो, कॉम्प्युटर तिथल्या तिथे काढतोय, आपण जसं चालू तसं चित्र बदलतं, रेकॉर्ड करून ठेवलेलं नाही वगैरे. तुम्ही काही समजावलं नाहीत. आधी वाकून पाण्याला हात लावून नमस्कार केलात, मग आईला म्हणालात, आता चला. आणि ती उतरली! मग मात्र तीच माशांच्या मागे, सलवार वर धरून, पोराच्या पुढे.

ऑर्किडच्या बागेत तुम्ही आप्पांबरोबर मागे होतात म्हणून सांगते. ती वरून टांगलेली फुलं आपण जवळ गेलो की वर सरकतात आणि आपण मधे उभे राहिलो की भोवती फुलंच फुलं. खरी, जिवंत, मातीशिवाय. मी म्हटलं मातीशिवाय कशी गं जगतात, तर आई माझ्याकडेच बघायला लागली, "आपल्या आंब्यावर सीतेची वेणी येते ती काय मातीत असते? हवेतलंच पाणी पितात ती." सिंधुदुर्गातून आलेली बाई टोकियोत मला ऑर्किड शिकवतेय!

आरशांच्या खोलीत आप्पांना गरगरलं तेव्हा तुम्ही त्यांना घेऊन बाहेर बसलात, तुमचं ते सगळं बघायचं राहिलं. लाखभर दिवे लटकल्यासारखी ती खोली मला तर फोटोपुरतीच वाटली, पण तरी. नंतर आप्पांनी पोराबरोबर बसून कागदावर विमान रंगवलं, लालभडक, एसटीचा लाल, आणि स्कॅन करून ते भिंतीवर उडायला लागल्यावर तिथल्या मुलीला मराठीत सांगितलं "ते माझं आहे". तिने वाकून दाद दिली. काय कळलं तिला देव जाणे.

आणि थालीपीठं. बाहेर व्हीगन रामेन (नूडल्सचं सूप) मिळतं हे तुम्हीच सांगितलेलं, तरी "काकूंना नाही आवडलं तर" म्हणून डबा आणलात, लसणाच्या चटणीसकट. आवडलं नाहीच.

आई-आप्पा अजून थोडे दिवस आहेत. रविवारी सगळे जेवायला या. आईने कोकमं आणलीत गावाहून, सोलकढी तीच करणार, मला हात लावू देत नाही. दादांना सांगा गाडी नका आणू, आमच्याकडे पार्किंग महाग आहे. आणि येताना काही करून आणू नका, प्लीज, ह्या वेळी तरी.