दोन दगडांवरून, सेंट लुईसहून

प्रिय सचिन,

"दोन दगडांवर पाय ठेवलायस, पडशील" असं तू लिहिणार हे मला ठाऊकच होतं. मी इथे अमेरिकेत जेडी आणि एमएचए एकत्र करतोय, त्याचा आधी हिशेब ऐक. जेडी म्हणजे कायद्याची पदवी तीन वर्षांची, एमएचए म्हणजे हॉस्पिटल प्रशासनाची दोन वर्षांची. जोडून केल्या की चार. काही विषय दोन्हीकडे धरतात, म्हणून एक वर्ष वाचतं. लॉ स्कूल २०१३पासून डाउनटाउनमध्ये, एमएचएचे वर्ग दुसरीकडे. मधली धावपळ फीमध्ये धरलेली नाही.

पण तुझा खरा प्रश्न वेगळा होता. नर्सिंग होमवर कोर्टात केस झाली की वकील गाठावा, कारभाराला मॅनेजर ठेवावा. एकाच माणसाने दोन्ही कशाला शिकायचं?

एक खटला सांगतो. १९६० साली शेजारच्या इलिनॉयमध्ये, चार्ल्सटन गावात, अठरा वर्षांच्या एका पोराचा कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात पाय मोडला. गावच्या हॉस्पिटलात प्लास्टर घातलं. पायाची बोटं सुजली, काळी पडली, गार झाली. नर्स बघत होत्या, डॉक्टर येऊन जात होते. दोन आठवड्यांनी त्याला इथे, सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलात हलवलं. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १९६५ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने हॉस्पिटललाही जबाबदार धरलं. डॉक्टर दखल घेत नसेल तर नर्सने वरिष्ठांना कळवायला हवं, असं निकालात आहे. शिवाय हॉस्पिटलची स्वतःची नियमावलीच पुरावा म्हणून चालली.

हा 'डार्लिंग' खटला (डार्लिंग हे त्या पोराचं आडनाव) मी दोनदा शिकलो. लॉच्या वर्गात एक जण म्हणाला, मग नियमावलीत लिहायचंच कमी, उद्या आपल्याच अंगावर यायला नको. सगळे हसले, पण त्याचं म्हणणं कोणी खोडलं नाही. एमएचएच्या वर्गात त्याच निकालावर भलतीच चर्चा. रात्रपाळीच्या नर्सने फोन नेमका कोणाला करायचा? डॉक्टर भडकला तर तिच्या पाठीशी कोण? त्या फोनची सोय कोणी करायची, हे पहिल्या वर्गात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि ती सोय केल्यावर कोर्टात काय विचारतील, हे दुसऱ्या वर्गाला माहीत नव्हतं. मला या दोघांच्या मधलं काम करायचंय.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९९५च्या शांता निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्यात आले, म्हणजे पेशंटला ग्राहक म्हणून डॉक्टरवर दावा करता येऊ लागला, आणि संमतीपत्रावर सही घेतली की कायदा सांभाळला, असं बऱ्याच जणांना वाटू लागलं. तुझ्या नर्सिंग होममध्ये सिस्टरला सरांचा निर्णय पटला नाही, तर ती कोणाला सांगते? तुलाच ना? आणि सर तूच असशील तर?

एक अडचण मात्र खरी. बरेच एमएचएवाले शेवटी वर्षभराची फेलोशिप, म्हणजे हॉस्पिटलातली उमेदवारी, धरतात, ती उन्हाळ्यातच सुरू होते, आणि बारची, म्हणजे वकिलीच्या सनदेची, परीक्षा जुलैअखेर. मी आधी बार देणार. आईला दोन्ही नकोयत, तिला नोकरी हवीय. कर्जाचा आकडा बघता तिचंही चूक नाही.

पुतणीला या कोर्सला पाठवायचं म्हणतोस, तर तिला आधी सहा महिने तुझ्या रिसेप्शनवर बसव. बिलावरून होणारी भांडणं ऐकूनही टिकली, तर पुढचं बोलू.

तुमच्या संमतीपत्राचा कोरा नमुना पाठव, पाठीमागच्या बारीक अक्षरांसकट. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय