ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल ‘लाइफटाइम’ नसतं, सेकंडहँड घेताना हे आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सेकंडहँड गाडी घेताना काय बघावं यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. इंजिन, टायर, इन्शुरन्स, एनओसी सगळं होतं त्यात, पण ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधल्या ऑइलबद्दल एक ओळसुद्धा नव्हती आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडतात, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

माझी इंदूरला खंडवा रोडवर रोपांची छोटी नर्सरी आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला क्लच दाबवत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक पिकअप घेतली, सेकंडहँड, डिझेल, सहा गिअरची, ८८ हजार किलोमीटर चाललेली. सर्विस बुक नीट होतं, इंजिन ऑइलचे शिक्के वेळच्या वेळी मारलेले, पण ट्रान्समिशनच्या रकान्यात एकही शिक्का नाही. तेव्हा माझं तिकडे लक्षच गेलं नाही. सहा महिन्यांनी थंडी सुरू झाली आणि सकाळी गाडी पी (पार्किंग) मधून डी (ड्राइव्ह) मधे टाकली की एक-दीड सेकंद काहीच व्हायचं नाही आणि मग धाडकन झटका. रोपं भरून भेरूघाट चढताना तर ती तिसरा-चौथा, तिसरा-चौथा असं करत बसायची, कोणता गिअर धरू हे तिलाच समजत नाही असं वाटायचं.

वर्कशॉपमधे नेली तर सांगितलं, “साहेब, हा गिअरबॉक्स सीलबंद असतो, ऑइल लाइफटाइम आहे, हात लावलात तर गिअरबॉक्स जाईल.” दुसऱ्या एका ठिकाणी सरळ रिपेअरचा अंदाज दिला, दीड लाख. उघडून न बघता.

आता हे ‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाची लाइफ हे कोणी सांगत नाही. पहिला मालक गाडी पाच-सहा वर्षं वापरून विकतो, तोपर्यंत ऑइल टिकलं की विषय संपला, पुढचं भोगायचं ते दुसऱ्या मालकाने. जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून कितीतरी गाड्यांच्या कंपन्यांना देते, ती स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांत ऑइल बदला. गिअरबॉक्स बनवणाराच असं म्हणतोय तर आपण का वाट बघायची? शिवाय गाडीच्या मॅन्युअलमधे मागच्या पानांवर कडक वापराचं वेगळं वेळापत्रक बहुतेक दिलेलं असतं, म्हणजे घाट, ओझं, धूळ, गरम हवा, थांबत थांबत चालणारा ट्रॅफिक. मे महिन्यातलं इंदूर आणि वर माल भरून घाट, याहून कडक वापर अजून काय असणार.

हे ऑइल नेमकं करतं काय ते सांगतो कारण मलाही माहीत नव्हतं. साध्या गिअरबॉक्समधे ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिकमधे इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोडच ऑइलमधून असतो, टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भागात इंजिनकडची पाती ऑइलला ढकलतात आणि ते ऑइल गिअरबॉक्सकडच्या पात्यांना. गिअर बदलायचा तर व्हाल्व बॉडीतून, म्हणजे ऑइल इकडे-तिकडे वळवणाऱ्या भागातून, ऑइलचा दाब क्लचच्या चकत्यांवर जातो आणि त्या चकत्या बुडालेल्या असतात त्याच ऑइलमधे, म्हणजे दाब त्याचाच, थंडावा त्याचाच आणि चकत्यांनी किती घसरायचं आणि कधी घट्ट धरायचं तेही त्याच्यातल्या रसायनावर. हा घर्षणाचा हिशोब इतका नाजूक आहे की अमेरिकेत पूर्वी या ऑइलमधे स्पर्म व्हेलच्या तेलाचा अंश घालायचे, १९७० च्या आसपास व्हेलच्या तेलावर बंदी आली तेव्हा त्याच्याऐवजी दुसरं काय घालायचं यावर कंपन्यांना बरंच झगडावं लागलं. असं ऑइल वर्षानुवर्षं तापून तापून जसंच्या तसं राहील हे मला पटत नाही.

शेवटी आम्ही घरीच बदललं. आमच्या शेजारचे काका आयुष्यभर बस डेपोच्या वर्कशॉपमधे होते, ते, माझा भाचा आणि मी. काकांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती मी आजही सगळ्यांना सांगतो, “अरे, आधी भरायचा नट उघड, काढायचा नंतर.” आमचा भरायचा नट इतका जाम होता की स्प्रे मारून रात्रभर ठेवावा लागला. आधी खालून ऑइल काढून बसलो असतो आणि वरचा नट उघडलाच नसता तर गाडी तिथेच उभी, ऑइलशिवाय चालवताही येत नाही.

जागा अगदी सपाट हवी, चाकांना पुढे-मागे गुटके लावायचे. पिकअप उंच असल्यामुळे आम्हाला उचलावी लागली नाही, पण कोणी उचलणार असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावा, चारही कोपऱ्यांना सारखी उचला. आणि ऑइल उकळतं असताना नट खोलू नका, हात भाजतो.

खाली कापलेला कॅन लावून नट काढला तर जे आलं ते कॉफीसारखं काळपट. आमचं नवीन ऑइल कोकम सरबतासारखं लाल पारदर्शक होतं, दोन्ही पांढऱ्या कपात शेजारी शेजारी ठेवून भाच्याने फोटो काढला. मग दहा नंबरच्या पान्याने पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचा ट्रे, काढला. पॅनच्या आत चुंबकाचे चार तुकडे होते, त्यांच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप बसला होता, काजळासारखा. काकांनी तो अंगठा आणि बोटात चोळून बघितला, कच लागत नव्हती. लेप चालतो, चकत्यांची आणि लोखंडाची नेहमीची झीज असते ती, पण चकचकीत तुकडे किंवा कपच्या दिसल्या तर आतलं काहीतरी तुटतंय असं समजायचं, मग नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही. चुंबक धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसले, फिल्टर नवीन, गॅस्केट नवीन, काढायच्या नटाचा वॉशरही नवीन. पॅनचे बोल्ट छोटे असतात, समोरासमोरचे थोडे थोडे करत कसायचे आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच कसता येणाऱ्या पान्याने, हाताच्या अंदाजाने जोर लावला तर आटे जातात नाहीतर पॅन वाकून गळायला लागतो.

आता महत्त्वाचं. या गिअरबॉक्समधे एकूण ९ लिटरच्या आसपास ऑइल मावतं पण खालून निघतं जेमतेम ४ लिटर, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमधे आणि कूलरच्या पाइपांत राहतं. म्हणजे एकदा बदललं तरी निम्म्याहून जास्त जुनंच. आम्ही हजार-हजार किलोमीटरच्या अंतराने तीनदा बदललं. पहिल्या वेळी जुनं उरलं ५६ टक्के, दुसऱ्या वेळी ३१, तिसऱ्या वेळी १७. मशीनने एकदम सगळं फ्लश करणारे आहेत पण इतक्या वर्षांच्या न बदललेल्या गाडीला हा सावकाश मार्ग मला जास्त भरवशाचा वाटला. निघालेलं ऑइल मापून घेतलं आणि तेवढंच भरलं, वर अगदी थोडंसं जास्त, कारण लेव्हल नंतर बघायची असते.

आमच्या गाडीला डिपस्टिकच नाही, लेव्हल बघायची ती खालच्या एका नटातून आणि तीही ऑइलचं तापमान मॅन्युअलमधे दिलेल्या मर्यादेत असतानाच, आमच्याकडे ते ३५ ते ४५ अंश आहे. स्कॅनर लावून मोबाइलवर तापमान बघत, इंजिन चालू, ब्रेक दाबून गिअर पी, आर, एन, डी प्रत्येकात काही सेकंद फिरवला, परत पी मधे आणला, हँडब्रेक लावला, मग नट उघडला. आधी बारीक धार आली आणि ती तुटून थेंब-थेंब झाली की नट बंद. जास्तीचं निघून जातं आणि अजिबात काही आलं नाही तर कमी आहे, अजून भरायचं. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फिरणाऱ्या भागांनी फेस होतो, दोन्हीत ऑइलचा दाब कमी होतो. म्हणून हे काम आपल्याकडे पौष-माघातल्या सकाळीच करा, मे महिन्यात दुपारी गाडी सावलीत उभी असली तरी ऑइल चाळिशीला पोचलेलं असतं आणि इंजिन चालू करून गिअर फिरवेपर्यंत मर्यादेच्या बाहेर जातं.

ऑइल कोणतं, तर मॅन्युअलमधे लिहिलंय तेच. ‘सगळ्याला चालतं’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, त्याचं वेगळं असतं, आणि एएमटी म्हणजे तर साधाच गिअरबॉक्स, क्लच-गिअरचं काम तेवढं मशीन करतं, त्याचं ऑइलही वेगळं.

खर्च तिन्ही वेळचं १२ लिटर ऑइल ८५० रुपये लिटरने १० हजार २००, फिल्टर आणि गॅस्केटचे २ हजार ४०० वेगळे. पहिल्याच बदलानंतर सकाळचा झटका कमी झाला, तिसऱ्यानंतर गेला. भेरूघाटात अजूनही कधीकधी गिअर बदलते पण तो आता चढाप्रमाणे बदलते. हे सगळ्यांचं असंच होईल असं मी अजिबात म्हणत नाही, ज्यांच्या गाडीचं ऑइल काळं, जळका वास येणारं आणि गिअर आधीच सुटतोय त्यांच्या चकत्या संपलेल्या असतात, तिथे ऑइल बदलून गाडी वाचत नाही आणि मग ‘ऑइल बदललं म्हणून गिअरबॉक्स गेला’ अशी बदनामी होते. खरं तर ते फार उशिरा बदललेलं असतं. म्हणूनच सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना आधी विचारा, ट्रान्समिशन ऑइल कधी बदललं, बिल दाखवा. बिल नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या आणि पहिलं काम तेच करा. गाड्या विकणाऱ्या दलालांनीही इन्शुरन्सच्या कागदासोबत हा कागद द्यायची पद्धत पाडली पाहिजे, यासाठी आपल्या पेपरने आवाज उठवावा ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती त्या जुन्या ऑइलची. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत नंबर एक येत राहिलं, घराघरात ओला-सुका-प्लास्टिक वेगळं करतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण १२ लिटर जुनं ऑइल मी द्यायचं कुठे? भंगारवाला घेतो, पण पुढे ते सेंट्रिंगच्या प्लेटांना लावलं जातं नाहीतर कुठल्यातरी नाल्यात जातं आणि आपल्याकडचा नाला म्हणजे कान्ह आणि सरस्वती या नद्या, पुढे शिप्रा नदी. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी टाकलीय. म्हणजे नियम आहेत, पण घरी ऑइल बदलणाऱ्या साध्या माणसाला पत्ता हवा असतो. अधिकृत परवाना असलेली गोळा करणारी केंद्रं कुठे आहेत, कोणत्या वारी कोणत्या वेळी घेतात, हे आपण एकदा चौकटीत छापावं.

माझे तीन कॅन झाकणं घट्ट लावून, ‘जुनं ऑइल’ लिहून जिन्याखाली ठेवलेत. पत्ता छापून आला की त्याच दिवशी नेऊन देईन.

आपला,
एक नर्सरीवाला वाचक
खंडवा रोड, इंदूर