तेराशे वीस म्हणजे सातशे वर्षं जुनं नव्हे!

संपादक साहेब, नमस्कार.
मागच्या रविवारी इतवारीत एका दुकानदारानं मला चांदीचं एक नाणं दाखवलं, वर 1320 लिहिलेलं, अन् म्हणे भाऊ, सातशे वर्षं जुनं आहे, घेऊन टाका. अहो ते हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेचं साल आहे ना बाप्पा! म्हणजे आपलं 1902-03. मोरोक्कोचं नाणं, सुलतान अब्दुल अझीझच्या वेळचं, अर्धा रियाल. काट्यावर साडेबारा ग्रॅमच्या जरासं खाली भरलं, आपल्या एका तोळ्यापेक्षा थोडं जास्त.

खरी गंमत पुढं आहे. भिंग लावून पाहिलं तर अरबी अक्षरात टांकसाळीचं नाव बर्लिन! कारण सुलतान पहिला हसननं 1299 म्हणजे 1882च्या सुमारास नवी चांदीची नाणी काढली ती पॅरिसला पाडून आणली, तेव्हाचा रियाल चांगला अडीच तोळ्याचा, 900 टंचाचा (हजारात नऊशे भाग चांदी), पुढं वजन 25 ग्रॅमवर आलं आणि काम बर्लिन, बर्मिंगहॅमलाही गेलं. म्हणून एकाच सालाचं तेच नाणं दोन-तीन गावचं मिळतं, आमच्यासारख्या नाणी जमवणाऱ्याला तर तेच वेड, बायको म्हणते सगळी सारखीच तर दिसून राहिली.

माझी तक्रार एवढीच की विकणाऱ्यानं निदान साल तरी नीट सांगावं. आकडे आपल्या ओळखीचे इंग्रजी असतात म्हणूनच माणूस फसतो. नाणं मी घेतलंच म्हणा, पण चांदीच्या भावात.

– एक वाचक, नागपूर