होड्या शाकारण्याआधी वाचा : तळाला चिकटणारा परका शिंपला

सर्व नाखवा, तांडेल व सभासदांना सूचना

१ जूनपासून मासेमारी बंदी. होडी वर ओढली की तळ नीट बघा. बोटाच्या पेराएवढे, काळपट, झुपक्याने चिकटलेले शिंपले म्हणजे आपले शिनाणे (खायचे हिरवट शिंपले) नव्हेत. कॅरिबियनकडचा हा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात सापडला, पुढे मुंबई बंदरातही पसरला. ऑस्ट्रेलियात डार्विनला १९९९ साली मरीना (होड्या लावायची बंदिस्त गोदी) बंद करून, औषध टाकून तो संपवला. आपल्या उघड्या खाडीत ते जमणार नाही, म्हणून तो पसरू न देण्यासाठी एवढं करा :

• तळ भरतीरेषेच्या वरच खरवडा.
• खरवड पाण्यात टाकू नका, खाडीत तर मुळीच नाही. गोणीत भरून लांब पुरा.
• दोर, बोये कडक उन्हात सुकवल्याशिवाय दुसऱ्या बंदरात नेऊ नका.

सभा : रविवार, २४ मे, सकाळी १०, जेटीजवळचं सभागृह. प्रत्येक होडीमागे एक जण हवाच.

– सचिव