आई-बाबा, फोनवर राहून गेलेलं

प्रिय आई-बाबा,

आई, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या हातावरचा डाग तुला दिसला आणि मी दाराला लागलं म्हणून सांगितलं ना, ते खोटं होतं. दातांचे व्रण आहेत ते. आमच्या विशेष मुलांच्या वर्गातला एक चार वर्षांचा मुलगा चावला. घाबरू नकोस, कातडी फाटली नाही, लगेच बर्फ लावला, आणि आत्ता तुझ्या तोंडावर जे वाक्य आलं असेल ना, "असली कसली गं ही मुलं", ते जरा थांबव कारण चूक माझी होती.

झालं असं की आमच्या भिंतीवर दिवसाचा तक्ता असतो, चित्रांच्या कार्डांचा. आधी गोल करून बसणं, मग पाणी, मग बाहेर खेळ, मग हात धुणं. एक काम झालं की मूल ते कार्ड काढून खालच्या डब्यात टाकतं. आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, पण ज्या मुलाला बोललेलं सगळं झेपत नाही त्याच्यासाठी शब्द म्हणजे आला आणि गेला, चित्र मात्र तिथंच असतं, पुन्हा जाऊन बघता येतं. तर त्या दिवशी पाऊस लागला म्हणून बाहेरचा खेळ रद्द केला, मी तोंडानं सगळ्यांना सांगितलं आणि कार्ड बदलायचं विसरले. हा दारापाशी जाऊन उभा. चित्र म्हणतंय बाहेर, टीचर म्हणतेय नाही. त्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी ड्रिल चालू केलं. तो कानांवर हात ठेवून खाली बसला, म्हणजे त्यानं मला स्पष्ट सांगितलंच होतं की आता सहन होत नाहीये, आणि मी काय केलं तर उठवायला दंडाला धरलं. चावला. त्याच्या जागी मीही चावले असते.

नंतर कोपऱ्यात लाइट कमी करून त्याला मोठ्या उशीला टेकू दिलं आणि गप्प बसले. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा ताबा सुटतो तेव्हा, समजावून सांगण्याचा शून्य उपयोग असतो, आपला आवाज म्हणजे त्या ड्रिलमध्ये आणखी एक भर. शांत झाल्यावर त्यानं स्वतःच उठून बाहेरच्या खेळाचं कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर आणून टाकलं. हे तुझं तू निस्तर, असं.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, "सहा मुलं आणि दोन बायका, मग दमतेस कशानं?" तुम्ही साठ साठ पोरांना गणित शिकवलंत, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण माझंही काम मोजण्याचंच आहे बरं का. प्रत्येक मुलाचा आयईपी असतो, म्हणजे त्याच्यापुरता आखलेला अभ्यासक्रम, आणि त्यात "बोलायला शिकेल" असं मोघम लिहून चालत नाही. "हवं ते खेळणं कार्ड देऊन मागेल, ५ पैकी ४ वेळा, सलग ३ दिवस" असं लिहावं लागतं. मग दिवसभर हातात क्लिपबोर्ड, स्वतःहून केलं तर टिक, मदत लागली तर गोल, आणि एकीकडे कुणाची चड्डी ओली, कुणी पळालं, कुणी क्रेयॉन तोंडात घातलाय. संध्याकाळी त्या टिका मोजत बसते तेव्हा तुमचे पेपर तपासण्याचे दिवस आठवतात, फक्त माझ्याकडे नापास कुणी नसतं, १० पैकी २ आले तर प्रश्नपत्रिका माझी चुकलेली असते.

आणि सगळ्यात दमवणारं काम म्हणजे थांबणं. खरंच. मुलाला काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड बंद. करून बघा, दहा फार लांब असतं. तिसऱ्या सेकंदाला माणूस कासावीस होतो आणि तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो, आणि ते बिचारं मूल पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळवत निम्म्यावर आलेलं असतं, ते पुन्हा शून्यावर. माझं पहिलं वर्ष नुसतं असं बडबडण्यात गेलं.

आमच्याकडे एक चिमुरडी आहे, डाउन सिंड्रोम आहे तिला. या मुलांचे स्नायू बऱ्याचदा सैल असतात, बोटांत जोर कमी, त्यामुळे जॅकेटची झिप म्हणजे डोंगर. तर झिप आम्ही उलटी शिकवतो, म्हणजे शेवटापासून. खालची पिन मी अडकवायची, वर मी ओढायची, आणि शेवटचं दोन बोटं अंतर राहिलं की हात काढून घ्यायचा. तेवढं तिचं. का, तर काम "झालं" हा क्षण तिच्या वाट्याला यावा. ते जमलं की अर्ध्यापासून, मग तळापासून, पिन सगळ्यात शेवटी कारण त्यात दोन हातांनी एकाच वेळी वेगवेगळं काम करावं लागतं. ओढायला सोपं जावं म्हणून झिपला किचेनची रिंग लावली. चार महिने लागले. ज्या दिवशी पिनसकट जमली त्या दिवशी तिनं झिप उघडून पुन्हा लावली, पुन्हा उघडली, अकरा वेळा (मोजली मी, सवय), आणि बाकीचा वर्ग गोल करून ताटकळत बसला होता. बसू देत म्हटलं.

आई, तू म्हणतेस आईबाप लक्ष देत नसतील, मोबाईल हातात देत असतील म्हणून ही मुलं अशी होतात. हे प्लीज कुणासमोर म्हणू नकोस. लिओ कॅनरनं १९४३ मध्ये ११ मुलांवर लिहून ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, वर्णन केलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आईच थंड, आईच प्रेम करत नाही, असं डॉक्टर लोकच म्हणत होते. शेवटी १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँडनं, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, हे सगळं खोडून काढत कारण मेंदूच्या घडणीत आहे असं ठामपणे मांडलं. पण माझ्यासमोर पहिल्या मीटिंगला बसलेली प्रत्येक आई अजून तेच विचारते, "माझं काही चुकलं का?" मोबाईल जास्त बघणं चांगलं नाहीच, तो वेगळा मुद्दा.

बरं, पत्र लिहायला घेतलं ते खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी आणि इतका वेळ टाळतेय.

बाबा, मागच्या वेळी घरी आले होते तेव्हा डॉक्टरांकडे जायला उशीर होत होता आणि तुम्ही शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी झटत होतात. स्ट्रोकनंतर उजवा हात ऐकत नाही तुमचा, मला माहितेय. मी आले, तुमचे हात बाजूला केले आणि अर्ध्या मिनिटात सगळी बटणं लावून मोकळी झाले. तुम्ही काही बोलला नाहीत, भिंतीकडे बघत राहिलात. माझ्या वर्गात मदतनीस ताईनं असं केलं असतं ना, तर मी तिला बाजूला घेऊन बोलले असते. सॉरी बाबा. मी तुम्हाला लहान मूल समजतेय असं वाटून घेऊ नका, उलट त्या दिवशी वर्गातल्या मुलांना देते तेवढासुद्धा मान मी तुम्हाला दिला नाही. त्या शर्टाला मोठी बटणं लावून घेऊ, किंवा आत वेलक्रो, ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमवायला शिकवतात त्या) विचारते, वाटलं तरच हं, तुम्ही म्हणाल तसं.

आणि आई, आपण दोघीही बाबांची वाक्यं पूर्ण करतो. ते "मला ते... ते..." म्हणाले की आपलं सुरू, चष्मा? पेपर? गोळ्या? आणि मग ते "जाऊ दे" म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलंय ना की समजतं सगळं, फक्त शब्द सापडायला वेळ लागतो. तू दिवसभर त्यांचं सगळं करतेस, मी फोनवरून अक्कल शिकवतेय असं नाही गं. मी पण तेच करते आणि माझा तर हा धंदा आहे.

रविवारी अकराला फोन करते. फोन आधी बाबांकडे दे आणि तू आतल्या खोलीत जा, खरंच जा. बाबा, मागच्या वेळी तुम्ही "ते निळं..." म्हणालात आणि आम्ही विषय बदलला. ते निळं काय ते मला अजून कळलेलं नाही.

तुमची,
बेबी